सांतो दोमिंगो : पाचशे वर्षांपूर्वीचे प्रवचन आणि आजची हद्दपारी

कॅरिबियन समुद्राच्या काठी, सांतो दोमिंगो शहराच्या जुन्या भागात, दगड आणि ब्राँझ यांतून घडवलेला सुमारे १५ मीटर उंचीचा एक पुतळा उभा आहे. अंगात डॉमिनिकन संघाचा झगा, तोंडाशी धरलेला हाताचा आडोसा, समुद्राच्या दिशेने दिलेली हाक. हा पुतळा आहे फादर अंतोनियो दे मोन्तेसिनोस यांचा. मेक्सिकोने तो भेट म्हणून दिला आणि १९८२ साली त्याचे अनावरण झाले. शहरात कोलंबसचा पुतळा आहे, राज्यपालांचे वाडे आहेत, पण समुद्रमार्गे येणाऱ्याच्या नजरेत भरतो तो हा ओरडणारा धर्मगुरू.

याच शहरात बसून डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक निर्णय जाहीर केला. कागदपत्रे नसलेल्या परदेशीयांना, आठवड्याला १०,००० पर्यंत या गतीने, देशाबाहेर काढण्याचा. नियमात 'परदेशी' असा शब्द असला तरी रोख कोणाकडे आहे हे तेथील लहान मूलही सांगेल. शेजारच्या हैती देशातून आलेले मजूर, त्यांच्या बायका, त्यांची मुले. २०२४ या एका वर्षात हद्दपार केलेल्यांची संख्या अडीच लाखांवर गेली, आणि २०२५ मध्ये तिने तीन लाखांचा आकडा ओलांडला. देशाची लोकसंख्या जेमतेम एक कोटी सात लाख. जाळीचे ट्रक वस्त्यांत शिरतात, कातडीच्या रंगावरून माणसे वेचतात आणि सरहद्दीवर नेऊन सोडतात. त्यांत त्याच देशात जन्मलेले लोकही असतात, अशा तक्रारी मानवी हक्कांच्या संघटना सातत्याने करीत आल्या आहेत.

ही बातमी आपल्यापासून हजारो मैल दूरची आहे. पण नव्या जगात ख्रिस्तसभेने पहिले पाऊल रोवले ते याच शहराच्या बेटावर. तिथे घडलेल्या चांगल्या-वाईटाचा वारसा आपलाही आहे.

कोलंबसचा भाऊ बार्तोलोमे याने १४९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओसामा नदीच्या पूर्व तीरावर हे गाव वसवले. अमेरिका खंडात युरोपीयांनी वसवलेले आणि आजतागायत अखंड नांदते राहिलेले हे पहिले शहर. १५०२ साली राज्यपाल निकोलास दे ओवान्दो सुमारे ३० जहाजे आणि अडीच हजार माणसे घेऊन आला. त्याच वर्षीच्या चक्रीवादळाने जुने गाव भुईसपाट केले, तेव्हा त्याने नदीच्या पश्चिम तीरावर नवे शहर आखले. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, मध्यभागी चौक, चौकाला लागून चर्च. ही रचना पुढे स्पॅनिश अमेरिकेतील असंख्य शहरांनी उचलली. १५०३ मध्ये सान निकोलास दे बारी रुग्णालयाची स्थापना झाली. १५११ साली पोप दुसरे ज्युलियस यांनी येथे धर्मप्रांत स्थापन केला, १५३८ साली पोप तिसरे पॉल यांनी विद्यापीठाला मान्यता दिली आणि १५४६ साली सांतो दोमिंगोला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. खंडातील पहिले कॅथेड्रल १५४० च्या सुमारास पुरे झाले. ते आजही उभे आहे. १९९० साली युनेस्कोने या जुन्या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

'पहिले' या शब्दाने भरलेली ही यादी पर्यटकांना मोठ्या अभिमानाने ऐकवली जाते. तिच्यातील काही 'पहिल्या' गोष्टी मात्र गाळल्या जातात. शहराची सुबक आखणी करणाऱ्या याच ओवान्दोने १५०३ मध्ये हाराग्वा प्रांतातील मूळ रहिवासी ताईनो लोकांच्या सरदारांना मेजवानीच्या निमित्ताने एकत्र जमवून जाळून मारले. त्यांची राणी अनाकाओना हिला फासावर चढवले. उरलेल्या ताईनोंची वाटणी झाली. अमक्या स्पॅनिश गृहस्थाकडे इतकी माणसे, तमक्याकडे तितकी. बदल्यात त्या गृहस्थाने त्यांना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण द्यावे, अशी अट होती. या पद्धतीला 'एन्कोमिएन्दा' म्हणत; त्या शब्दाच्या मुळाशी 'सोपवणे' असा अर्थ आहे. प्रत्यक्षात सोन्याच्या खाणीत मरेपर्यंत राबवणे एवढाच त्याचा अर्थ उरला. कोलंबस आला तेव्हा बेटावर लाखो लोक होते. १५१४ सालच्या वाटणीत जेमतेम २६,००० जणांची नोंद झाली आणि १५१८ च्या अखेरीस आलेल्या देवीच्या साथीने त्यांतीलही बहुतेक नेले.

सप्टेंबर १५१० मध्ये डॉमिनिकन संघाचे पहिले धर्मबंधू या शहरात उतरले. त्यांचे प्रमुख फादर पेद्रो दे कोर्दोबा हे तिशीच्या आतले तरुण. एका भाविकाने दिलेल्या झोपडीत ते राहत, मिळेल ते खात. वर्षभर त्यांनी पाहिले, ऐकले, विचारविनिमय केला आणि मग एक प्रवचन लिहून काढले. त्यावर सर्वांनी सह्या केल्या. हे एका तापट धर्मगुरूचे मत आहे असे कोणाला म्हणता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. ते देण्याची जबाबदारी उत्तम वक्ते असलेल्या मोन्तेसिनोस यांच्यावर सोपवण्यात आली. शहरातील मान्यवरांना आवर्जून आमंत्रणे गेली. कोलंबसचा पुत्र आणि तेव्हाचा राज्यपाल दिएगो कोलोन पहिल्या रांगेतील श्रोत्यांत होता.

तो दिवस होता २१ डिसेंबर १५११, आगमनकाळातील चौथा रविवार. शास्त्रपाठ योहान बाप्तिस्ताचा, अरण्यातल्या वाणीचा. मोन्तेसिनोस यांनी सांगितले की ही वाणी आज मी आहे आणि या बेटावरील तुमच्या अंतःकरणांचे अरण्य झाले आहे. कोणत्या न्यायाने तुम्ही या लोकांना गुलामीत डांबले, याचा जाब त्यांनी विचारला. यांनाही बुद्धी आहे, आत्मा आहे, यांच्यावर स्वतःप्रमाणे प्रेम करणे तुम्हांला बंधनकारक आहे, आणि जोवर तुम्ही असे वागाल तोवर तुमच्या तारणाची आशा नाही, असे त्यांनी बजावले. मिस्सा संपली. दुपारी गावातील प्रतिष्ठित मंडळी राज्यपालासह झोपडीच्या दाराशी येऊन थडकली. पुढच्या रविवारी शब्द मागे घ्यावेत, नाहीतर बोटीत बसून स्पेनला परतावे, अशी त्यांची मागणी. पुढच्या रविवारी चर्च तुडुंब भरले. मोन्तेसिनोस पुन्हा व्यासपीठावर चढले आणि तेच अधिक कठोर शब्दांत बोलले. इतकेच नव्हे, तर ताईनोंना राबवणाऱ्यांचे पापनिवेदन आम्ही ऐकणार नाही, दरोडेखोरांना देत नाही तशी त्यांनाही पापक्षमा देणार नाही, असे धर्मबंधूंनी जाहीर केले.

प्रवचनाने लोक हेलावले आणि बदलले, असे येथे लिहायला आवडले असते. तसे झाले नाही. राजा फर्नांदो संतापला, स्पेनमधील डॉमिनिकन वरिष्ठांनीही आपल्या माणसांना खडसावले. एक मात्र झाले. मोन्तेसिनोस स्वतः स्पेनला गेले, राजाला सारी हकीकत सांगितली आणि पंडितांची समिती बसली. २७ डिसेंबर १५१२ रोजी 'बुर्गोसचे कायदे' निघाले. त्यांनी एन्कोमिएन्दा रद्द केली नाही, उलट तिला कायद्याचे कवच दिले. पण मजुरांच्या अन्नाचे, विश्रांतीचे, मारहाणीस मनाईचे नियम त्यांत आले. त्यांतील एक कलम असे होते की चौथा महिना उलटल्यावर गर्भवती स्त्रीला खाणीत पाठवू नये आणि बाळंतपणानंतर मूल तीन वर्षांचे होईपर्यंत तिला अशा कामाला लावू नये. कागदावरचे कलम, पाळणारे थोडे. तरीही ते लिहिले गेले, हे लक्षात असू द्यावे.

ओवान्दोच्याच ताफ्यातून १५०२ साली आलेला बार्तोलोमे दे लास कासास नावाचा तरुण तेव्हा स्वतः ताईनो मजूर बाळगून होता. धर्मगुरू झाल्यावरही त्याने ते सोडले नव्हते. एका डॉमिनिकन धर्मबंधूने त्याला पापक्षमा नाकारल्याचे त्यानेच पुढे नमूद केले आहे. १५१४ साली क्युबामध्ये पेंटेकॉस्टच्या सणासाठी प्रवचनाची तयारी करताना, गरिबांना लुबाडून केलेले अर्पण देवाला मान्य नसते या अर्थाचा बेनसिराच्या पुस्तकातील उतारा त्याच्या हाती आला आणि त्याने आपले सारे मजूर मुक्त केले. पुढे तो डॉमिनिकन झाला, बिशप झाला, अर्धशतक राजदरबारी भांडत राहिला. मोन्तेसिनोस यांचे प्रवचन आपल्यापर्यंत पोहोचले तेही त्याच्याच इतिहासग्रंथामुळे. पण याच लास कासास यांनी ताईनोंना वाचवण्याच्या तळमळीने आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. उतारवयात त्यांना त्याचा तीव्र पश्चात्ताप झाला आणि तो त्यांनी लिहूनही ठेवला. आपल्या प्रवचनांतून लास कासास यांचा गौरव होतो तेव्हा हा भाग सहसा सांगितला जात नाही. सांगायला हवा, कारण सांतो दोमिंगोचा पुढचा सगळा इतिहास या एका चुकीच्या सावलीत घडला आहे.

सोने संपले आणि ऊस आला. उसाबरोबर आफ्रिकन गुलाम आले. १५२१ च्या नाताळात दिएगो कोलोनच्या साखर कारखान्यातील गुलामांनी बंड पुकारले. अमेरिका खंडातील गुलामांचा नोंदवला गेलेला हा पहिला उठाव. तो चिरडला गेला आणि जानेवारी १५२२ मध्ये गुलामांना जखडून ठेवणारे नियम निघाले. दरम्यान मेक्सिको आणि पेरू येथील चांदीने स्पेनचे डोळे दिपले, जहाजांचे तांडे हवानाला जमू लागले आणि सांतो दोमिंगो मागे पडले. जानेवारी १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याने शहर लुटले, महिनाभर ठाण मांडले आणि २५,००० डुकाटांची खंडणी घेऊनच तो हलला. १६०५-०६ मध्ये चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी राज्यपाल ओसोरियो याने बेटाच्या उत्तर व पश्चिम भागांतील गावे जाळून रिकामी केली. रिकाम्या किनाऱ्यावर फ्रेंच चाचे येऊन बसले. १६९७ च्या तहाने फ्रान्सचा ताबा मान्य झाला, आणि एका बेटाचे दोन देश होण्याची बीजे तिथे पेरली गेली. आज जी सरहद्द काटेरी कुंपणाने आणि २०२२ पासून भिंतीने बंद केली जात आहे, ती निसर्गाने आखलेली नाही. एका राज्यपालाच्या कोत्या कारभाराने ती आखली.

पश्चिमेकडील फ्रेंच वसाहतीत गुलामांनी क्रांती केली आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. १८२२ साली हैतीचे अध्यक्ष बोयेर यांनी पूर्वेकडील भागही ताब्यात घेतला. या राजवटीचा पहिला परिणाम म्हणजे सांतो दोमिंगोतील गुलामगिरी संपली. त्याच राजवटीने ख्रिस्तसभेची मालमत्ता जप्त केली, जुने विद्यापीठ बंद पडले, करांचा बोजा वाढला. बावीस वर्षांनी, २७ फेब्रुवारी १८४४ रोजी, डॉमिनिकन प्रजासत्ताक स्वतंत्र झाले. वसाहतवादी युरोपीय सत्तेपासून नव्हे, तर हैतीपासून. देशाचा स्वातंत्र्यदिन हा शेजाऱ्यापासून सुटकेचा दिवस असावा, याने राष्ट्राच्या मनाची घडण किती बदलते याची कल्पना करावी. अनेक दशके तेथील ओळखपत्रांवर सावळ्या माणसाच्या रंगाची नोंद 'इंडियन' अशी होत असे. ज्या ताईनोंना राबवून संपवले त्यांचे नाव घेतले, आणि ज्या आफ्रिकनांचे रक्त अंगात होते त्यांचे नाकारले.

हुकूमशहा राफाएल त्रुहियो याने या मनोवृत्तीला सरकारी धोरण केले. १९३० पासून एकतीस वर्षे त्याची सत्ता होती. १९३६ मध्ये त्याने शहराचे नाव बदलून 'सिउदाद त्रुहियो' केले आणि तो मरेपर्यंत ते तसेच राहिले. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्याच्या सैन्याने सरहद्दीजवळच्या हजारो हैतीवंशीयांची कत्तल केली. बहुतेकांना सुऱ्या-कोयत्यांनी मारले. या हुकूमशहाशी व्हॅटिकनने १९५४ मध्ये करार केला आणि वरिष्ठ धर्माधिकारी दीर्घकाळ त्याच्या समारंभांत बसत राहिले, हे कटू असले तरी खरे आहे. जानेवारी १९६० मध्ये मात्र शेकडो तरुणांची धरपकड झाल्यावर देशातील सर्व बिशपांनी एकत्रित मेषपालीय पत्र काढले. ते ३१ जानेवारी रोजी चर्चमधून वाचले गेले. सर्वांच्या सह्या, एकच मजकूर आणि रविवारची मिस्सा. फादर पेद्रो दे कोर्दोबा यांची युक्ती साडेचार शतकांनी पुन्हा कामी आली. पुढच्या वर्षी, ३० मे १९६१ रोजी, त्रुहियो मारला गेला.

आता कायद्याची बाजू पाहू. ज्या साखरेसाठी आफ्रिकन गुलाम आणले, त्याच साखरेसाठी विसाव्या शतकात हैतीचे मजूर आणले गेले. यातील पुष्कळसे सरकारी करारांनी आले. उसाच्या फडांजवळच्या वसाहतींत, ज्यांना तेथे 'बातेय' म्हणतात, त्यांच्या दोन-तीन पिढ्या जन्मल्या. त्या देशात जन्मलेल्याला नागरिकत्व, हा नियम होता. अपवाद राजनैतिक अधिकाऱ्यांच्या आणि 'वाटसरूं'च्या मुलांचा. २३ सप्टेंबर २०१३ रोजी घटनात्मक न्यायालयाने असा निकाल दिला की कागदपत्रे नसलेले मजूर हे सारे वाटसरूच आणि १९२९ पासून त्यांना झालेली मुले नागरिक नव्हेत. वीस-तीस वर्षे उसाच्या फडात राबलेला माणूस वाटसरू! संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या अंदाजानुसार दोन लाखांहून अधिक लोक एका निकालाने राष्ट्रहीन झाले. जगभरातून टीका झाल्यावर २०१४ साली एक कायदा करून काहींना दिलासा देण्यात आला. ज्यांचा जन्म पूर्वी नोंदला गेला होता त्यांना कागद परत मिळण्याची वाट मिळाली. पण ज्यांच्या जन्माची नोंदच नव्हती त्यांनी आपल्या जन्मभूमीत 'परदेशी' म्हणून नाव नोंदवावे आणि मग नागरिकत्व मागावे, असे ठरले. नऊ हजारांहूनही कमी जणांना मुदतीत तेवढे करता आले.

त्या वेळी ख्रिस्तसभा एका सुरात बोलली नाही. सांतो दोमिंगोचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल लोपेस रोद्रिगेस यांनी न्यायालयाच्या निकालाची जाहीर पाठराखण केली. येशूसंघीय धर्मगुरू मात्र बाधितांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी त्यांना देशद्रोही म्हणवून घ्यावे लागले. बातेयमध्ये शाळा-दवाखाने चालवणाऱ्या धर्मभगिनींनी कोणाचे कागद न पाहता आपले काम चालू ठेवले. सर्वसाधारण डॉमिनिकन भाविक यांपैकी कोणाचे ऐकतो, असे विचाराल तर बहुतांशी आपल्या भीतीचे.

ती भीती निराधार आहे असेही म्हणता येत नाही. ७ जुलै २०२१ रोजी हैतीचे अध्यक्ष जोव्हनेल मोईस यांची हत्या झाली. त्यानंतर राजधानी पोर्तो-प्रिन्सचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला. दहा लाखांहून अधिक माणसे स्वतःच्याच देशात बेघर झाली. जगातील श्रीमंत राष्ट्रांनी सहानुभूतीचे ठराव केले आणि सारा भार शेजारच्या, स्वतःही फारशा श्रीमंत नसलेल्या देशावर टाकला. तेथील सरकारी रुग्णालयांत हैतीच्या स्त्रियांच्या बाळंतपणांचे प्रमाण खरोखरच मोठे आहे. अध्यक्ष लुईस अबिनादेर आपल्या देशाने एकट्याने हे ओझे का वाहावे, असे विचारतात. या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी वॉशिंग्टन आणि पॅरिस यांची अधिक आहे. विशेषतः पॅरिसची, कारण स्वतंत्र हैतीला मान्यता देण्याची किंमत म्हणून फ्रान्सने १८२५ साली त्याच्यावर १५ कोटी फ्रँकांची भरपाई लादली होती. मात्र ओझे वाटून मागणे निराळे आणि ते बाळंतिणीच्या अंगावर टाकणे निराळे.

आपल्या वसईच्या किल्ल्यात फिरताना डॉमिनिकन मठ आणि चर्चचे अवशेष दिसतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोपमहोदयांच्या आज्ञापत्रांनी आणि १४९४ च्या तहाने जग स्पेन व पोर्तुगाल यांत वाटले गेले. सांतो दोमिंगो एका वाट्यात पडले आणि १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेली वसई दुसऱ्या. संघ तोच, झगा तोच, काळही जवळपास तोच. त्या आज्ञापत्रांवर उभारलेला 'शोधा'चा सिद्धान्त कॅथलिक शिकवणुकीचा भाग नाही, असे व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी स्पष्टपणे जाहीर केले. त्यासाठी पाच शतके लागली. मोन्तेसिनोस यांच्या मंडळींना ते एका वर्षात उमगले होते, कारण ते झोपडीत राहत होते आणि खाणीतून परतणारी माणसे त्यांच्या दारावरून जात होती.

६ एप्रिल २०२५ रोजी अध्यक्ष अबिनादेर यांनी १५ नव्या उपाययोजना जाहीर केल्या. त्यांतील एकीनुसार सरकारी रुग्णालयात येणाऱ्या परदेशी रुग्णाने ओळखपत्र, नोकरीचा व पत्त्याचा पुरावा दाखवावा आणि शुल्क भरावे. कागद नसतील त्याच्यावर उपचार होतील, पण प्रकृती सुधारताच त्याला हद्दपार केले जाईल. ही तरतूद २१ एप्रिलपासून अमलात आली. ईस्टर सोमवार होता तो. त्याच दिवशी रोममध्ये पोप फ्रान्सिस यांनी देह ठेवला, आणि जगाचे लक्ष साहजिकच तिकडे होते. सांतो दोमिंगोच्या रुग्णालयांबाहेर स्थलांतर विभागाच्या गाड्या उभ्या राहिल्या. पहिल्याच दिवशी शंभराहून अधिक स्त्रिया आणि बालके देशाबाहेर काढण्यासाठी उचलली गेली. त्यांत गर्भवती होत्या, आणि नुकत्याच बाळंत झालेल्याही. त्यानंतरच्या काळात अनेक हैतीयन स्त्रियांनी तपासणीसाठी रुग्णालयात जाणेच सोडले आहे, असे तेथे काम करणाऱ्या संस्था सांगतात. बुर्गोसच्या कायद्यातले गर्भवती स्त्रियांचे कलम त्या दिवशी ५१२ वर्षांचे झालेले होते, आणि जिथल्या प्रवचनामुळे ते लिहिले गेले ते हेच शहर आहे.